गुहागरच्या पत्राला उत्तर दे

परळ, मुंबई
रविवार

चि. सई हिस,

बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी रस्त्यात होतो, त्यामुळे धड बोलणे झाले नाही, आणि जे बोलायचे होते ते फोनवर बोलण्यासारखेही नव्हते. तुमच्याकडे इंग्लंडात घड्याळे तासाने मागे घेतल्यापासून आपल्यातले अंतर साडेपाच तासांचे झाले आहे. तू वॉर्डातून घरी पोहोचतेस तेव्हा इकडे मध्यरात्र उलटलेली असते, आणि दिवसभर पेशंटांना उठवून-बसवून थकलेल्या मुलीपुढे असला विषय काढू नये, असे मी ठरवले. म्हणून हे पत्र.

तू इथल्या वॉर्डात ज्यांना पुन्हा चालते केलेस, त्या गुहागरच्या आजोबांचा पुतण्या लालबागच्या बाजारात भेटला. त्याने आधी तुझी चौकशी केली. लीड्सला थंडी किती आहे, जेवणाचे कसे करते, आपली माणसे आहेत का, असे सगळे विचारले. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, "काका, काकूचे पत्र ताईंना मिळाले ना? ती सारखी फोनवर विचारते. तिला वाटते, आपण अडाणी माणसे, काहीतरी चुकीचे लिहिले गेले असेल आणि ताईंना ते आवडले नसेल." मी पत्र मिळाल्याचे सांगितले. तू निघायच्या गडबडीत होतीस, असेही सांगितले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते, हे तुला आणि मला ठाऊक आहे.

तू निघालीस त्याच्या आदल्या रात्री मी तो विषय काढला होता. तू म्हणालीस, "बाबा, मी माझे काम केले आणि त्याचा पगार घेतला. आभाराच्या पत्राला उत्तर नसते. पोचेची पोच नसते, हे तुम्हीच सांगायचात ना?" एवढे बोलून तू बॅगेची चेन ओढलीस. सकाळी विमान होते म्हणून मीही पुढे बोललो नाही, आणि दादाने चहा टाकतो म्हणून विषय बदलला.

तुझा मुद्दा मला मान्य आहे. रजिस्टर पत्राबरोबर गेलेले पोचेचे कार्ड सही होऊन परत आले की तो व्यवहार मिटत असे; त्या कार्डाची पोच कोणी मागत नसे. मनीऑर्डरचेही तसेच असे. मी पोस्टमन म्हणून नोकरीला लागलो तेव्हा माझ्या बीटवर, म्हणजे वाटपाच्या टापूत, बहुतेक सगळ्या गिरणी कामगारांच्या खोल्या होत्या. पगार झाला की माणसे कोकणात, घाटावर मनीऑर्डर करायची, आणि काही दिवसांनी तिच्या पोचेची चिठ्ठी मी त्यांच्या दारावर नेऊन द्यायचो. तिच्यावर गावाकडच्या आईचा नाहीतर बायकोचा अंगठा असे, मजकूर काहीही नसे. रात्रपाळी करून झोपलेला माणूस उठून यायचा आणि ती चिठ्ठी दाराच्या उजेडात धरून बघत राहायचा. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या चिठ्ठ्या माझ्या थैलीत दिसेनाशा झाल्या. तेव्हा मला कळले की माणसे त्या अंगठ्याची किती वाट पाहत होती. असो. त्या अंगठ्याला उलट उत्तर पाठवावे, असे मात्र कोणाला वाटले नाही, आणि तसे वाटण्याचे कारणही नव्हते.

पण आजींचे पत्र म्हणजे नुसता अंगठा नाही. तू ते खणात ठेवून गेलीस, मी पुन्हा काढून वाचले. शाळेच्या वहीतला मधला जोडकागद आहे, पिना काढल्याची भोके तशीच आहेत. अक्षर नातीचे आहे, पण सांगणारी आजी आहे, हे ओळीओळीतून समजते. बॉलपेन इतके दाबून चालवले आहे की मागच्या बाजूने बोट फिरवले तर शब्द हाताला लागतात. शेवटी आजींनी स्वतः सही केली आहे. नाव लिहितानाच ओळ संपली, म्हणून आडनाव खाली उतरले आहे. आजोबा पडवीच्या तीन पायऱ्या कोणाचा हात न धरता चढतात. गणपतीच्या आरतीला काठी टेकून शेवटपर्यंत उभे राहिले. "आजोबा, आधी टाच" हे तुझे वाक्य आता घरातली शेंबडी पोरेही त्यांच्या मागून म्हणत फिरतात. आणि त्यानंतर दोन प्रश्न आहेत, जे तू घाईत वाचले नसावेस. यांना परसातल्या विहिरीपर्यंत एकटे सोडावे का, हा पहिला. दुसरा असा : "तुमची तब्येत बरी आहे ना? तुम्ही वॉर्डात उभ्या उभ्या चहा प्यायच्या ते मी रोज बघायची."

पत्रात प्रश्न असला की ते आभाराचे असले तरी त्याला उत्तर द्यावे लागते. इतक्या वर्षांत थैलीभर पत्रे रोज वाटून मला एवढे समजले आहे.

सगळ्याच आभारांना उत्तर द्यायचे नसते, हेही तितकेच खरे आहे. लग्नानंतर येणारे छापील आभाराचे कार्ड वाचून ठेवून द्यावे. तेराव्यानंतर वर्तमानपत्रात जे "आभार" म्हणून छापून येते, त्याला कोणी उत्तर पाठवत नाही. मोबाइलवर नुसते "थँक्यू" आले तर हात जोडल्याचे चित्र पाठवले तरी पुष्कळ झाले, आणि घरातल्या ग्रुपवर तेवढेही नाही केले तर चालते. आपल्या आभाराचे पुन्हा आभार आणि त्यांचे परत आभार, असे लांबवत नेले तर दोन्हीकडची माणसे अवघडतात. पण जिथे माणसाने बसून, वेळ काढून, स्वतःच्या घरातली गोष्ट तुला लिहून कळवली आहे, तिथे तू गप्प राहिलीस तर त्या शांततेचा अर्थ तोच माणूस लावत बसतो, आणि बहुतेक वेळा स्वतःच्या विरुद्ध लावतो. आजींनी तेच केले. त्यांनी तुला दोष दिला नाही. आपले काय चुकले, ते त्या शोधत आहेत.

आता काय लिहायचे, ते सांगतो. "ते माझे कामच होते" हे वाक्य लिहू नकोस. ते तू नम्रपणाने म्हणतेस, पण ऐकणाऱ्याला ते दार लोटून घेतल्यासारखे वाटते. जणू त्याच्या जागी दुसरा कोणीही असता तरी तुला फरक पडला नसता. "मी काहीच केले नाही" हेही नको, कारण तू काय केलेस ते आजींनी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तुमचा समज खोटा आहे असे त्या वयाच्या बाईला सांगणे बरे नाही. पत्र वाचून आनंद झाला, असे सरळ लिहावे. त्यातल्या एखाद्या गोष्टीचा नाव घेऊन उल्लेख करावा, पायऱ्यांचा किंवा आरतीचा, म्हणजे पत्र मनापासून वाचले गेले हे त्यांना कळेल. आजोबांची तुला आठवत असलेली एखादी गोष्ट लिहावी. श्रेय वाटायचे असेल तर मोघम "सर्वांचे सहकार्य" असे न लिहिता, त्यांना व्हीलचेअरवरून खाली आणणाऱ्या वॉर्डबॉयचे, रात्री कूस बदलून देणाऱ्या मावशींचे नाव घ्यावे, आणि जमल्यास त्या मावशींनाही ते पत्र वाचून दाखवायची व्यवस्था करावी. दादा जाऊन येईल. विहिरीबद्दल मात्र इतक्या लांबून हो किंवा नाही सांगू नकोस. पेशंट समोर नसताना सल्ला देऊ नये, हे तूच मला शिकवले आहेस. तालुक्याच्या डॉक्टरांना चालून दाखवा आणि तोवर कोणीतरी सोबत असू द्या, एवढे लिहिलेस तरी त्यांना धीर येईल. उत्तर त्यांच्या पत्राहून लांब असू नये. त्यांच्या पत्राचा फोटो काढून कुठे स्टेटसला लावू नये. एखाद्याच्या घरातले आजारपण चारचौघांत मांडायचे नसते, मग त्यात तुझी स्तुती का असेना.

हे सगळे वाचून तू म्हणशील, बाबा पुन्हा मास्तरासारखे वर्गात उभे राहिले. क्षमा कर. तुला पेशंटशी कसे वागायचे ते सांगण्याची माझी पात्रता नाही. मागच्या आठवड्यात तूच सांगितलेस की तिथे वॉर्डाच्या फळ्यावर पेशंटांनी पाठवलेली कार्डे टाचून ठेवतात, चॉकलेटचा डबा आला तर सगळे वाटून खातात, रोख पैसे मात्र कोणी घेत नाही आणि ५० पौंडांवरची भेट असेल तर ती स्वतःसाठी ठेवता येत नाही. बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरचे आभार मानतात आणि तोही मान हलवून ते स्वीकारतो, हे तू किती कौतुकाने सांगत होतीस. मी ते सगळे ऐकले, आणि माझ्या मनात आले की मग त्या फळ्यावर तुझ्या नावाने आलेले कार्ड तू वाचतेस का? की तिथेही तू नजर चुकवून पुढे जातेस? हा विषय मी इथेच थांबवणार होतो, पण काळजी वाटते ती याचीच वाटते.

तुला २००५चा पाऊस आठवत असेल, पण आई घरी आली त्यानंतरचे आठवत नसेल, तू फार लहान होतीस. २६ जुलैला, मंगळवारी, ती साकीनाक्याहून दुपारीच निघाली होती. गाड्या बंद, फोन बंद, आणि सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ल्याला पोहोचेपर्यंत पाणी कमरेच्या वर आले होते. एका चाळीतल्या मुसलमान कुटुंबाने तिला आणि आणखी काही बायकांना पहिल्या मजल्यावर ओढून घेतले, कोरडे कपडे दिले, भात खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी ती त्या घरच्या बाईचा सलवार-कमीज घालून परळपर्यंत चालत आली. तू तिला ओळखले नाहीस आणि माझ्या मागे लपलीस.

आठवडाभराने तिने त्यांना पत्र लिहायचे ठरवले, तर पत्ता पुरता नव्हता. चाळीचे नाव आणि खाली बेकरी आहे, एवढेच तिला सांगता आले. मी ते पत्र कुर्ल्याच्या त्या बीटवरच्या पोस्टमनच्या हातात नेऊन दिले आणि त्याने विचारत विचारत ते पोहोचवले. मला वाटले, पत्र गेले, काम झाले. आईला तसे वाटत नव्हते. तिला वाटत होते की आपण त्यांच्या घरात चिखलाच्या पायांनी शिरलो, रात्रभर रडलो, त्यांच्या मुलांच्या वाट्याचे जेवलो, आणि आता वर पत्र लिहून त्यांना आणखी त्रास दिला. मग त्यांचे उत्तर आले. त्यांच्या शाळेत जाणाऱ्या मुलाने हिंदीत लिहिले होते. साडी धुऊन इस्त्री करून ठेवली आहे, काठाचा रंग थोडा उतरला त्याबद्दल माफ करा, आणि अम्मी विचारते की तुमची ती लहान मुलगी आता रडत नाही ना. एवढेच होते. आईने ते वाचले, हसली, आणि त्या पावसानंतर पहिल्यांदा पुरी झोप झोपली. पुढे ईदला शीरखुर्मा आणि दिवाळीला फराळ, हे तू पाहिलेच आहेस. पण त्या आधीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आभार मानणारा माणूस ओझे घेऊन आलेला असतो. समोरच्याने ते हातात घेतले नाही तर त्याला ते परत घरी न्यावे लागते.

आता जे लिहिणार आहे ते लिहावे की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. आई आजारी पडली तेव्हा तू फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होतीस. सकाळी कॉलेजला जाण्याआधी आणि रात्री आल्यावर तू तिचा पाय हातात धरून व्यायाम करून घ्यायचीस, आणि परीक्षा असली तरी एक दिवस चुकवला नाहीस. तिचा अर्धांगवायूचा झटका मोठा होता. तिची वाचा थोडी परत आली, पाय आला नाही. एका रात्री तू तिच्या पावलाला स्प्लिंट बांधत होतीस आणि ती अडखळत म्हणाली, "पोरी, किती केलेस गं माझे." तू तिला रागावलीस. असे काही बोलायचे नाही, तू बरी होणार आहेस, असे म्हणून उठून स्वयंपाकघरात गेलीस. आपल्या घरांत आईने मुलीचे, मुलीने आईचे आभार मानायची पद्धत नाही, त्यामुळे तुझ्या वयाच्या कोणालाही काय बोलावे ते सुचले नसते. मी तुला तेव्हाही दोष दिला नाही, आज तर मुळीच देत नाही. आईनेही दिला नाही. ती मला म्हणाली, "दमली आहे ती. झोपू दे."

पण मला वाटते, तेव्हापासून कोणी तुझे आभार मानले की तुला आईचा पाय आठवतो. गुहागरचे आजोबा चालले, पडवी चढले, आरतीला उभे राहिले, आणि तुझ्या मनात येते की इथे चालवता आले, मग घरी का नाही आले. मी डॉक्टर नाही, पण तू स्वतः मला समजावले होतेस की प्रत्येकाचा झटका वेगळा, मेंदूचा कोणता भाग गेला त्यावर सगळे ठरते, आणि पहिल्या काही महिन्यांत जे येते त्यानंतर सुधारणा फार सावकाश होते. तू हे मला समजावलेस, आत्याला समजावलेस, शेजारच्यांना समजावलेस. स्वतःला समजावलेस का? आजींच्या पत्रात तुझ्यावर कोणताही आरोप नाही. त्यांच्या घरात एक माणूस उभा राहिला, एवढेच त्यांनी लिहिले आहे, आणि ते खरे आहे, आणि ते तुझ्या हातून झाले आहे.

माझा अंदाज चुकला असेल तर हे सोडून दे आणि माझ्यावर रागावू नकोस. फक्त एवढे सांग की तू तिथे कोणाशी बोलतेस ना? कोणी चहाला बोलावले तर जातेस ना? तुझ्या घरमालकिणीने तुला आजारपणात सूप आणून दिले, असे तू म्हणालीस, आणि लगेच पुढे म्हणालीस की मी दुसऱ्याच दिवशी तिला महागाचा केक देऊन हिशेब मिटवला. हिशेब मिटवण्याची एवढी घाई बरी नव्हे, बाळ. थोडे देणे-घेणे राहू दे. परक्या गावात त्याच्या आधारानेच माणसे ओळखीची होतात. मला पुन्हा उपदेश करायचा नव्हता, पण लिहिता लिहिता झाला.

तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो मी मोठा करून घेतला आहे. आपल्या घरात पहिली पदवी तुझी, आणि लालबागच्या पोस्टमनची मुलगी तिकडच्या सरकारी दवाखान्यात लोकांना पायावर उभे करते, हे आता माझे ओळखीच्या प्रत्येकाला सांगून झाले आहे. सुरेश काकांना तर दोनदा सांगितले. तुझे कौतुक कोणी केले की मी ते घेतो, सगळे घेतो, मला त्याचा संकोच वाटत नाही. तूही थोडे घ्यावेस, असे मला वाटते.

उत्तर साध्या कागदावर, मोठ्या आणि सुट्या अक्षरात लिही, म्हणजे नातीला ते आजींना मोठ्याने वाचून दाखवता येईल. वर "ती. आजी आणि आजोबा यांस, सा. न." असे लिहावे आणि शेवटी "लोभ असावा" म्हणावे, त्यांना तेच ओळखीचे वाटेल. पत्ता आजींच्या पत्राच्या मागे आहे, त्याचा फोटो दादा तुला आज पाठवेल. पिनकोड पुरता सहा आकडी लिही. कोकणात एकाच नावाच्या वाड्या आणि गावे पैशाला पासरी आहेत, आणि हाच घोटाळा टळावा म्हणून टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ती पद्धत बसवली, जी १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. तिकडून परस्पर गुहागरला टाकलेस तर उशीर होईल अशी भीती वाटत असेल, तर पाकिटात घालून माझ्याकडे पाठव, मी जी.पी.ओ.त जाऊन स्पीड पोस्टने पुढे करीन. फोनवर सांगून मला लिहायला मात्र लावू नकोस. अक्षर तुझेच असले पाहिजे.

तुझे,
बाबा